माजघरातल्या रिकाम्या आलमारीत शिवणकामाची जागा : आधी बसून पाहा, मग फळी कापा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आर्वी तालुक्यात सासऱ्यांचं जुनं मातीच्या विटांचं घर आहे. माजघराच्या जाड भिंतीत साडेचार फूट रुंद, २२ इंच खोल आणि साडेसहा फूट उंच अशी दुपाखी कवाडांची आलमारी आहे. पूर्वी तिच्यात बियाण्याच्या थैल्या आणि फवारणीचं औषध असायचं, आता ती रिकामी आहे. तुम्ही ब्लाऊज, फॉल-पिको, बाळंतविडे शिवता आणि हिवाळ्यात वाकळ घालता. घरात वेगळी खोली मिळणं शक्य नाही, तर या आलमारीत कामाची जागा होईल का?

होईल, आणि चांगली होईल. मी यवतमाळ जिल्ह्यात २६ वर्षं शिवणकाम करते, शिकवते. माझं स्वतःचं काम अशाच एका भिंतीतल्या आलमारीत चालतं आणि ओळखीच्या बऱ्याच घरांत मी उभं राहून अशा जागा करून घेतल्या आहेत. माझ्याकडे शिकलेल्या मुलींची शिलाई का सुटते, हे मी जवळून पाहिलं आहे. हात चालत नाही म्हणून ती सुटत नाही. दुपारी कापलेलं कापड चार वाजता उचलावं लागतं, कारण स्वयंपाकाला जागा हवी असते. रात्री पुन्हा मांडलं की पाहुणे येतात. बाहीचा एक तुकडा गादीखाली जातो आणि अस्तर सापडत नाही. असं आठ दिवस झालं की बाई मशीनवर चादर टाकून देते. आलमारीचा खरा फायदा म्हणजे सुई कापडात रुतलेली असतानाच कवाड लावून उठता येतं, आणि उद्या उघडलं की काम तिथूनच पुढे सुरू होतं. पुढचं सगळं मी हे एकच धरून सांगते आहे. ज्या मांडणीत उठताना आवराआवर करावी लागेल, ती मांडणी नको.

पण टेबलाच्या आधी औषधाचं बोलू. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे, माझ्या दृष्टीने ते सगळ्यात मोठं आहे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून घरात औषधाचा डबा दिसला की माझं लक्ष तिकडेच जातं. जिथे वर्षानुवर्षं डबे ठेवले, कधी सांडले, तिथल्या फळीत आणि जमिनीत ते मुरलेलं असतं. त्याच फळीवर तुम्ही नवजात बाळाचं टोपरं आणि दुपटं ठेवणार आहात. म्हणून जुन्या आडव्या फळ्या काढून टाका, कितीही चांगलं सागवान असलं तरी. त्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, आणि त्यांचा पाटही करू नका. तळाची सारवलेली माती चार बोटं खरवडून काढा आणि नवी माती ठोकून वर फरशी बसवा. खरवडताना हातात रबरी मोजे आणि नाकातोंडाला फडकं हवंच. कोरडा झाडू मारू नका, धूळ उडते; आधी पाणी शिंपडा. कवाडं साबण-सोड्याच्या पाण्याने दोनदा पुसा आणि ते पाणी विहिरीच्या किंवा नाल्याच्या बाजूला टाकू नका. मग आठ-दहा दिवस कवाडं उघडी ठेवा. त्यानंतर रात्रभर बंद करून सकाळी उघडल्यावर वास आला, तर ती आलमारी अजून तयार नाही. लहान मुलाचं काही शिवायचं असेल तर यात घाई नको.

वास गेला की ओल बघायची. एक फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा मागच्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या अंगाला दिसले तर ती घरातल्या हवेची. भिंतीतून येत असेल तर पलीकडे न्हाणी आहे का, पन्हाळीचं पाणी पायाशी पडतं का, ते आधी शोधा. पाणी बंद केल्याशिवाय आतला कोणताही रंग टिकणार नाही. मातीच्या भिंतीला ऑइलपेंट तर देऊच नका, ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचे दोन हात द्या. भिंत श्वास घेते आणि पांढऱ्याशुभ्र चुन्याने आलमारीत उजेडही वाढतो.

आता माप. इथे कृपा करून सुताराला लगेच बोलावू नका. ओसरीवर खडूने ५४ बाय २२ इंचांचा चौकोन काढा. त्यावर विटा रचून एखादी जुनी फळी टाका, मशीन ठेवा आणि आठ दिवस तिथे काम करा. कैची कुठे ठेवता, दोरा कुठून ओढता, डावा हात कुठे अडतो, हे सगळं त्यात कळतं. विटा कमी-जास्त करून उंची बदलता येते. प्लाय एकदा कापला की बदलत नाही.

उंचीचं गणित असं आहे. खुर्चीवर ताठ बसा, दंड सैल सोडा आणि कोपर वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचं ते साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर २५-२६ इंचांच्या आसपास येतं. बाजारातलं तयार टेबल ३० इंचांचं असतं. त्यावर मशीन ठेवली की सुईखालची पट्टी ३३ इंचांवर जाते, म्हणजे कोपराच्या सात इंच वर. दिवसभर खांदे उचलून शिवावं लागतं. मी पहिली चार वर्षं असंच शिवलं आणि माझा उजवा खांदा अजूनही थंडीत धरतो. म्हणून टेबल २६-२७ इंचांचं करा आणि पायमशीनच्या टेबलाला असते तशी खाच कापून मशीन आत बसवा, म्हणजे मशीनची पट्टी आणि टेबल एका पातळीत येतील. खाचेमुळे कापडही अडखळत नाही. ब्लाऊजच्या बाहीला फारसा फरक पडत नाही, पण वाकळीची कड मशीनवर घालताना त्याचं मोल कळतं. खाच कापण्याआधी त्या खुर्चीवर बसून मांडीला जागा राहते ना, तेवढं तपासून घ्या.

तुम्ही खाली मांडी घालून हातमशीनवर शिवत असाल, तर हे सगळं सोडून द्या. आपल्याकडच्या कित्येक बायकांना खाली बसूनच काम सुचतं, आणि खुर्ची हवीच असं काही नाही. मग आलमारीच्या तळापासून दहा-बारा इंचांवर फळी घ्या. समोर सतरंजी टाकली की जागा तयार. वरचे पाच फूट पूर्ण साठवणीला मिळतात. फक्त गुडघे दुखत असतील तर आजच खुर्चीची सवय करा.

खुर्चीचं धरून पुढे सांगते. टेबल भिंतीला ठोकू नका. मातीच्या विटांत खिळा किंवा स्क्रू धरत नाही. मशीनच्या थरथरीने महिन्याभरात भोक मोठं होतं आणि माती गळायला लागते. दुसरं कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचं घर दरवर्षी थोडं हलतं. कवाडं कधी घट्ट होतात, कधी सैल, ते त्यामुळेच. फळी दोन्ही भिंतींना टेकवून चापून बसवली की एका पावसाळ्यात ती अडकते किंवा गिलावा उकलते. म्हणून आलमारीच्या आत स्वतःच्या पायांवर उभं राहणारं टेबल करा, दोन्ही बाजूंना अर्धा इंच आणि मागे एक इंच मोकळं. मागच्या त्या एका इंचातून हवा फिरते, बुरशी धरत नाही आणि उधईची मातीची नळी वर चढायला लागली तर वेळेत दिसते. पायांखाली शहाबादीचे तुकडे ठेवा, लाकूड जमिनीला टेकू देऊ नका.

टेबलाला १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या. न्हाणी जवळ असेल तर पाणी सोसणाऱ्या दर्जाचा मागा. साधा कमर्शियल प्लाय ओल लागली की पदर सोडतो. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून टेबलाची फळी निघते, आता सांगते ती जोडफळी निघते आणि पायांच्या आधाराला तुकडे उरतात. वरच्या फळ्यांना १२ मिलिमीटर चालेल, पण तीन फुटांहून लांब फळीला मध्ये आधार हवाच, नाहीतर कापडाच्या वजनाने ती झोळीसारखी लोंबते.

जोडफळी कशाला, ते सांगते. २२ इंच खोली शिवायला पुरते. साधारण ४४ इंच पन्ह्याचं कापड दुहेरी घडी केली की बरोबर २२ इंच होतं, म्हणजे ब्लाऊजपीस जेमतेम मावतो. पण जेमतेम मावलेल्या कापडावर कैची नीट चालत नाही, हात हवेत राहतो. मी आधी टेबलाच्या पुढच्या कडेला बिजागरीने खाली लोंबणारी फळी लावली होती. दिसायला फार छान होती. पण शिवायला बसलं की ती गुडघ्यांवर आपटायची, शेवटी काढली. आता माझ्याकडे ५२ बाय १५ इंचांची सुटी फळी आहे. तिच्या एका कडेला खालून दोन पट्ट्या ठोकल्या आहेत, त्या टेबलाखाली सरकतात. पुढच्या कडेला दोन घडीचे पाय आहेत. कापायच्या वेळी लावली की ३६ इंच खोल टेबल होतं. काम झालं की टेबलाखाली मागच्या भिंतीशी लांब कडेवर उभी करून ठेवते, पायांना लागत नाही. उभ्याने कापायची सवय असेल तर मात्र २७ इंचांवर कंबर मोडेल. कापणं बसून करा, नाहीतर जमिनीवर.

मशीन मधोमध ठेवायचा मोह होतो, तो टाळा. आपण बसतो ते सुईसमोर, आणि सुई मशीनच्या डाव्या टोकाला असते. कापडाचा पसाराही डावीकडेच होतो. मशीन उजवीकडे सरकवा. चाक फिरवायला भिंतीपर्यंत सहा इंच सोडा. असं केलं की सुईच्या डावीकडे जवळजवळ तीन फूट मोकळे मिळतात.

खाली डावीकडे वीस इंच जागा साठवणीला आणि उजवीकडची बाकी सगळी पायांना. त्या वीस इंचांत मी तेलाचे १५ किलोचे रिकामे पिपे आडवे ठेवले आहेत. पिपा सव्वानऊ इंचांच्या आसपास चौकोनी असतो, त्यामुळे दोनावर दोन असे चार बरोबर बसतात. वरचं झाकण कापून कड हातोडीने आत दुमडायची आणि सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा पूर्ण काढायचा. एक पिपा अस्तरांचा, एक फॉलचा, एक गिऱ्हाइकांच्या मापाच्या ब्लाऊजचा, एक चिंध्यांचा. उंदीर पत्रा कुरतडत नाही. चिंध्यांची थैली जमिनीवर कधीच ठेवू नका. पावसाळ्यात विंचू अशाच ठिकाणी शिरतो आणि आपण न पाहता हात घालतो.

टेबलाच्या वर पहिली फळी २० इंचांवर घ्या आणि ती ८-९ इंचांपेक्षा खोल नको. खोल केली तर वाकताना कपाळ लागतं आणि कामावर सावली पडते. खोल फळ्या डोक्याच्या वर घ्या, वर्षातून दोनदा लागणाऱ्या सामानासाठी. कवाडांच्या आतल्या अंगाला पट्टी ठोकून खुंट्या लावा : कैच्या, टेप, फ्रेंच कर्व्ह (वळणं आखायची पट्टी), दोऱ्याची रिळं. पण कवाड लावून बघा, मगच खिळा मारा. मशीनचं चाक आणि खुंटीवरची कैची एकमेकांना लागली की कवाड पूर्ण मिटत नाही, आणि पूर्ण मिटलं नाही की लहान मूल उघडतं. टाचण्यांसाठी बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक टेबलाच्या कडेला चिकटवलं आहे. हात नुसता त्याच्याजवळून नेला तरी टाचणी खट्कन बसते. कवाड बाहेरून लावायला वरच्या बाजूला कडी हवी. सुया, कैच्या आणि लहान मुलं एका घरात असली की याला पर्याय नाही.

पैसे मोजून आणलेले असतील, तर प्लायच्या आधी उजेडावर खर्च करा. आलमारीसमोर बसलं की खोलीचा दिवा आपल्या पाठीमागे असतो आणि आपलीच सावली सुईवर पडते. दिवा तुमच्या आणि कामाच्या मध्ये हवा. पहिल्या फळीच्या पुढच्या कडेला, खालून, एलईडीची नळी बसवा आणि पुढे दोन इंचांची पट्टी लावा म्हणजे ती डोळ्यांत येणार नाही. पिवळा उजेड नको. काळ्या कापडावर काळी टीप आणि मरून-चॉकलेटी दोऱ्यातला फरक पांढऱ्या उजेडातच कळतो. तरी रंग जुळवायचा असेल तर कापड घेऊन अंगणात जा, मी अजूनही जाते. लाईन जाते त्यासाठी चार्ज होणारा एक बल्ब त्याच बोर्डावर ठेवा.

जुन्या घरातल्या तीन पिनच्या बोर्डाला कित्येकदा अर्थिंगच नसतं, तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. वायरमन बोलावून ते तपासून घ्या. मशीनची मोटर फार वीज खात नाही, पण लोखंडी मशीनला हात लावूनच आपण दिवसभर बसतो. इस्त्री आलमारीत नको, काहीही झालं तरी. हजार वॅटची गरम इस्त्री, सुटे दोरे आणि बंद लाकूड ही संगत वाईट आहे. इस्त्री बाहेर, दुसऱ्या प्लगवर.

आणि कूलर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही. पण कूलरचा ओला वारा थेट मशीनवर आला की बॉबिन केस आणि सुया गंजतात, कागदी कटिंग ओलं पडून वाकतं. कूलरचं तोंड आलमारीकडे नको, आडव्या दिशेने हवा घ्या. काम संपल्यावर मशीनला तेलाचा थेंब देऊन एक चिंधी मशीनच्या सुईजवळच्या पायाखाली दाबून ठेवा, तेल चिंधी पिते आणि उद्याच्या पांढऱ्या कापडावर डाग येत नाही. दसऱ्यानंतर शेजारच्या खोलीत कापूस भरत असाल, तर त्याची तंतूमिश्रित धूळ मशीनच्या दातऱ्यांत गच्च बसते. त्या महिन्यांत आठवड्याला सुईखालची पट्टी उघडून ब्रशने साफ करा. कवाडाच्या खालच्या फटीला जाड कापडाची गुंडाळी लावा. हवा खेळण्यासाठी कवाडाच्या वरच्या भागात चार भोकं पाडा आणि त्यांवर बारीक जाळी ठोका.

वाकळ या आलमारीत शिवली जाणार नाही, हे आधीच सांगते. चार-साडेचार फूट रुंद थर पसरायला ओसरीच लागते. पण वाकळीचंही अर्धवट राहणं या जागेत सांभाळता येतं. मी वरच्या भागात एक बांबूचा दांडा आडवा टाकला आहे. धावदोरा घालून झालेला भाग दांड्यावर गुंडाळते, सुई तिथेच अडकवते, दुसऱ्या दिवशी दांडा काढून ओसरीवर उलगडते. थर हलत नाहीत, घडीचे मोड पडत नाहीत. जुनी लुगडी आत ठेवण्याआधी वैशाखातलं कडक ऊन दोन दिवस द्या. कडुनिंबाचा पाला सावलीत अगदी खडखडीत वाळवून घडीत ठेवा, ओलसर पाला ठेवला तर डाग पडतात.

वर्ध्याला जाणं होईल तेव्हा मगन संग्रहालयात जाऊन या, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. तिथे चरख्यांचे प्रकार मांडलेले आहेत. त्यात पेटी चरखा शोधा, त्याला येरवडा चरखाही म्हणतात. मिटला की छोटी पेटी, उघडला की पूर्ण चरखा, आणि प्रत्येक भागाला त्याच्या मापाचा खण. सुताराला तोंडी सांगून जे समजत नाही, ते तो खण पाहून समजतं. माझ्या सुताराला मी नेऊन दाखवला होता, त्यानंतर त्याने बॉबिनच्या खाचा स्वतःहून केल्या.

कामाचा क्रम म्हणाल तर जुन्या फळ्या, जमीन आणि चुना हे कडक उन्हात उरकून घ्या, मृगाचा पाऊस लागला की चुना नीट वाळत नाही. वायरिंग त्यानंतर, टेबल सगळ्यात शेवटी. मध्ये विटांवर आठ दिवस शिवून पाहायचं तेवढं टाळू नका. ते झालं की तुमच्या कोपराचं माप, खुर्चीची उंची आणि मशीनच्या तळाची लांबी-रुंदी मला लिहून पाठवा. खाच कुठे आणि केवढी कापायची, ते मी आकृती काढून कळवते.